चाकोरीचं माप

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा माणसं अंतर कोसांत मोजत आणि वेळ सावलीवरून ओळखत.

समुद्राच्या काठी एक छोटं राज्य होतं. खाली बंदर, वर पठार आणि मधे उभा डोंगर. बंदरात मीठ पिकायचं, पठारावर ज्वारी. पण मीठ वर न्यायचं किंवा ज्वारी खाली आणायची, तर ती डोक्यावरूनच. एका फेरीला तीन दिवस लागत. पठारावरच्या घरांत मिठाचा खडा जपून वापरत आणि बंदरातल्या मुलांना भाकरी सणासुदीलाच दिसे.

मग तिथल्या राजानं डोंगरातून रस्ता बांधला. चौदा कोसांचा. तळाला दगडांचा थर, वर ठोकून बसवलेला मुरूम आणि कडेनं पाणी वाहून जायला चर. रस्त्यावरून बैलगाड्या धावू लागल्या. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या पंगतीला बसू लागली, एकमेकांच्या लग्नांना जाऊ लागली.

पण मुलांनो, रस्ता बांधणं एकदाचं असतं, राखणं रोजचं. त्याला मुरूम लागतो, माणसं लागतात, पैसा लागतो. तो कुठून आणायचा?

राजाचा प्रधान हुशार होता. तो म्हणाला, "महाराज, गाडी बैल ओढतो. बैल कडबा खातो. जो जास्त चालतो तो जास्त खातो, आणि जो जास्त ओझं ओढतो तोही जास्तच खातो. आपण कडब्याच्या पेंढीमागे एक कवडी कर घेऊ. रस्ता जेवढा वापराल, तेवढा कर आपोआप भराल."

राजाला हे पटलं. लोकांनाही पटलं. आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं ते नीट चाललंही.

बंदरात नागशेट नावाचा मिठाचा व्यापारी होता. माणूस वाईट नव्हता. पण हिशेबाला पक्का, आणि नव्या गोष्टीची त्याला भारी हौस. तो एकदा दूरच्या वाळवंटी मुलखात गेला आणि येताना बारा उंट घेऊन आला. त्यांच्यासाठी त्यानं दांडग्या गाड्या बनवून घेतल्या. एकेका गाडीत चाळीस पोती मीठ मावायचं. चाकं मोठी, पण अरुंद. त्यांवर चढवलेली लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, तर जेमतेम दोन बोटं रुंद.

उंट रस्त्याकडेच्या बाभळी खायचे, बोरी खायचे. कडब्याला ते तोंडही लावत नसत. म्हणजे रस्त्यावरची सगळ्यांत जड गाडी नागशेटची, आणि रस्त्यासाठी तो देत होता शून्य.

त्याचं बघून आणखी चार व्यापाऱ्यांनी उंट आणले. तिजोरीत कर कमी येऊ लागला आणि रस्त्यावर चाकोऱ्या मात्र खोल होत गेल्या.

प्रधानानं पेंढीमागे एका कवडीच्या दोन केल्या. तरी पुरेना, म्हणून चार केल्या. आता हा भार कोणावर पडला? ज्याच्याकडे एकच बैल, त्याच्यावर. दारात एक गाय बांधून तिच्या दुधावर घर चालवणाऱ्या बाईवर, जिनं त्या रस्त्यावर कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

पठारावर सटवा नावाचा कुंभार राहायचा. त्याच्या हातची मडकी बंदरात नावाजलेली. बंदरातल्या मातीत रेती फार, तिथं मडकं टिकत नसे. म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडाला सटवा आपली गाडी भरून, हरण्या नावाच्या एकुलत्या बैलाला जुंपून घाट उतरायचा. त्या एका फेरीवर त्याचं निम्मं वर्ष निघायचं.

त्या वर्षी घाटाच्या अवघड वळणावर त्याच्या गाडीचं चाक एका खोल चाकोरीत गेलं. हरण्यानं जोर लावला. चाक बाहेर यायच्या ऐवजी गाडीच कलंडली. सटवानं उडी मारून आधी बैलाच्या मानेवरचं जू सोडवलं. बैल वाचला. पण गाडीतले रांजण, माठ, सुरया एकावर एक आदळत उतारावरून गेल्या. आवाज थांबला तेव्हा दोन माठ तेवढे शाबूत होते.

वळणाच्या पलीकडे रस्ता दुरुस्त करणाऱ्यांची टोळी काम करत होती. टोळीची मुकादम ठकूबाई. साठीची बाई, वीस वर्षं याच रस्त्यावर मुरूम टाकत आलेली. ती आवाज ऐकून धावत आली. तिनं आधी हरण्याच्या चारही पायांवरून हात फिरवला, मग सटवाला पाणी दिलं.

"लागलं का रे कुठं?"

"मला नाही लागलं, मावशी," सटवा म्हणाला. "पण चार महिन्यांचं काम गेलं. आणि या रस्त्यासाठी मी चौपट कर भरलाय, बघ. चौपट!"

ठकूबाई खाली बसली आणि ज्या चाकोरीनं गाडी पाडली, तिच्यात तिनं हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला.

"ही तुझ्या चाकानं पडलेली नाही," ती म्हणाली. "तुझी गाडी शंभर वेळा गेली, तरी एवढी खोल जायची नाही. ही मी परवाच भरली होती. परवा!"

सटवा घरी परतला. त्यानं ठरवलं, आता घाट उतरायचा नाही. त्याच्यासारख्या बऱ्याच जणांनी तेच ठरवलं. तेली आले नाहीत, टोपल्या विणणारे बुरूड आले नाहीत, भाजीवाल्या बायका आल्या नाहीत. बंदरातला बाजार अर्ध्यावर आला.

मग उन्हाळा लागला. एका दुपारी राजा दरबारातून थकून आला आणि त्यानं पाणी मागितलं. एक घोट घेऊन त्यानं भांडं खाली ठेवलं.

"पाणी कोमट का?"

"माठ नाहीत, महाराज," सेवक म्हणाला. "जुने फुटले, नवे बाजारात आलेच नाहीत. तांब्याच्या घागरीत ठेवलंय."

"माठ का आले नाहीत?"

राजानं प्रधानाला विचारलं, प्रधानानं घाटाच्या पायथ्याला नाक्यावर बसणाऱ्या नाकेदाराला विचारलं, आणि अशा तऱ्हेनं विचारत विचारत गोष्ट सटवाच्या फुटलेल्या रांजणांपर्यंत पोचली.

राजानं सभा बोलावली. नागशेटला बोलावलं, सटवालाही बोलावलं.

प्रधान म्हणाला, "सोपं आहे. उंटांवर कर लावू."

नागशेट उठला. "लावा. पण महाराज, उद्या कोणी हत्ती आणील, परवा कोणी रेडे जुंपील. तुम्ही प्रत्येक जनावरामागे धावणार का? आणि डोंगरातला वैदू एका उंटावर नुसती पाला-मुळी घेऊन फिरतो. तो आणि मी सारखे का?"

म्हणणं खोटं नव्हतं. प्रधान थोडा विचार करून म्हणाला, "मग जनावर बघायलाच नको. दर गाडीला दहा कवड्या. मोठी असो, लहान असो. सगळे सारखे!"

"हे योग्य आहे," नागशेट लगेच म्हणाला.

सटवाला बोलायचं होतं. पण दरबारात बोलायची त्याला सवय नव्हती. तो मान खाली घालून उभा राहिला.

महिनाभर तो नियम चालवून पाहिला. नागशेटनं चाळीसच्या जागी साठ पोती भरली, कारण गाडी भरा किंवा रिकामी न्या, कर तेवढाच. तीन तेल्यांनी मिळून एका गाडीत तिघांचा माल लादला. ज्यांचा माल थोडा, त्यांना दहा कवड्या परवडेनात, ते घरीच बसले. रस्त्यावर गाड्या कमी झाल्या आणि चाकोऱ्या वाढल्या.

राजा आता खरोखर काळजीत पडला. त्यानं सगळ्यांना पुन्हा सभेला बोलावलं. तो प्रधानाला म्हणाला, "आपण जनावराला विचारलं, गाडीला विचारलं. रस्त्याला कोणी विचारलं का?"

"रस्ता कुठं बोलतो, महाराज?"

तेव्हा सटवानं धीर केला. तो म्हणाला, "बोलतो, महाराज. ठकूमावशीशी बोलतो."

ठकूबाईला बोलावणं गेलं. ती आली ती पायाला मुरूम तसाच घेऊन. राजानं तिला बसायला आसन दिलं. ती आसनाशेजारी जमिनीवर बसली.

"ठकूबाई," राजा म्हणाला, "रस्त्यासाठी कोणी किती द्यावं, हे आम्हाला ठरवता येत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

"मला हिशेब येत नाही, महाराज. मला पाट्या येतात. कुठं किती पाट्या मुरूम लागला, ते मी सांगू शकते. माझं ऐकाल, तर नाक्यावर मला एक वाफा करू द्या. रस्त्याएवढा रुंद, वीस पावलं लांब. त्यात चाळलेला, ओलसर मुरूम. सगळ्यांनी आपापल्या भरल्या गाड्या त्यावरून न्याव्यात. चाकोरी किती खोल पडते, ते बोटांनी मोजू."

ठरलेल्या दिवशी सकाळीच नाक्यावर गर्दी जमली. ठकूबाईनं वाफा फळीनं सारखा केला.

पहिली गाडी सटवाची. चाकाची खूण अर्धं बोटसुद्धा खोल नव्हती. तेल्याची गाडी एक बोट. मग नागशेटची गाडी आली, साठ पोत्यांची. उंटांनी माना लांब केल्या, चाकं करकरली आणि ओल्या मुरमात दोन सरळ खड्डे पडत गेले. ठकूबाईनं हात घातला. चार बोटं आत गेली.

"मीठ जड असतं!" नागशेट म्हणाला. "यात माझा काय दोष?"

"थांबा शेट, अजून एक गाडी आहे," ठकूबाई म्हणाली.

ती गाडी पाथरवटाची होती. तिच्यात मंदिराच्या पायरीचे दोन अखंड दगड होते. ओढायला आठ बैल. वजनाला ती नागशेटच्या गाडीपेक्षा जास्तच. पण पाथरवटाला दगडाला हिसका बसलेला चालत नसे, म्हणून त्यानं चाकं वीतभर रुंद केली होती. गाडी हळूहळू वाफ्यावरून गेली. लोक वाकून बघू लागले.

चाकोरी होती दीड बोट.

जड गाडीच रस्ता फोडते, असं सगळे समजत होते. आता त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळंच दिसत होतं. ओझं अरुंद चाकावर आलं की ते सुरीसारखं घुसत होतं. रुंद चाकावर तेच ओझं पसरत होतं.

प्रधानानं विचारलं, "म्हणजे दोन बोटांना एका बोटाच्या दुप्पट कर?"

ठकूबाई हसली. "नाही, प्रधानजी. एक बोट चाकोरी मी एका पाटीत भरते. दोन बोटं असली की चार पाट्या लागतात. कडा ढासळतात, पाणी साठतं, खालचा दगड हलतो. चार बोटं झाली की पाट्या मोजून भागत नाही, दिवस मोजावे लागतात. जेवढ्या पाट्या, तेवढ्या कवड्या घ्या. आणि अर्ध्या बोटाखाली काही घेऊ नका. ते माझ्या झाडूनंच सारखं होतं."

"आणि जो दोनच कोस जातो त्याचं काय?"

यावर सटवा बोलला. आता त्याला भीती वाटत नव्हती. "प्रत्येकाला नाक्यावर एक दोरी द्या. दर कोसावर चौकी ठेवून तिथं तिला एक गाठ मारा. बाहेर पडताना जेवढ्या गाठी, तेवढ्याच कोसांचा कर."

राजाला हे सारं आवडलं. तो हुकूम देणार, इतक्यात ठकूबाई म्हणाली, "महाराज, अजून एक वाहन राहिलं."

"कोणाचं?"

"तुमचा रथ."

प्रधानाच्या कपाळावर आठी पडली. "राजाचा रथ मोजायचा?"

"रस्त्याला कुठं कळतं, वर कोण बसलंय?" ठकूबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. ती आपली जे आहे ते सांगत होती.

राजानं रथ आणायला सांगितला. रथाला पितळेचे पत्रे होते, घुंगरं होती, शिसमाची नक्षी होती. चाकं शोभेची, बारीक. तो वाफ्यावरून रुणझुणत गेला. ठकूबाईनं वाकून हात घातला आणि वर पाहिलं.

"तीन बोटं, महाराज."

राजा मोठ्यानं हसला. "म्हणजे मी इतकी वर्षं सटवाच्या पैशांवर फिरत होतो!" त्यानं तिथंच आपल्या बोटातली अंगठी काढून नाकेदाराला दिली. "हा माझा मागचा कर. पुढचा दर फेरीला भरीन."

संध्याकाळी प्रधान एक यादी घेऊन आला. तीत करमाफी द्यायच्या माणसांची नावं होती. सरदार, सावकार, दरबारी, त्यांचे जावई. राजानं यादी वाचली आणि विचारलं, "हीत माझं नाव कुठं आहे?"

"तुमचं नाही, महाराज. तुम्ही कर भरायचं कबूल केलंत."

"मग माझंच नाही, तर यांचं कशाला?" राजा म्हणाला आणि यादी परत दिली.

नवा नियम सुरू झाला. कडब्यावरचा कर उठला. दारात एकच गाय असलेल्या बायकांनी त्या दिवशी खीर करून शेजारीपाजारी वाटली.

पण गोष्ट इथं संपत नाही. नागशेट रागावला होता. पहिल्याच फेरीला त्याला इतका कर बसला की त्यानं गाड्याच बंद केल्या. पठारावर मीठ मिळेना. मिळालं तर दुप्पट भावानं. लोक कुरकुरू लागले. जे काल ठकूबाईचं कौतुक करत होते, तेच आता म्हणू लागले, "तिच्यामुळं मीठ महागलं."

ठकूबाईला ते लागलं. दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं हात धुतले, डोक्यावर स्वच्छ पदर घेतला आणि ती थेट नागशेटच्या पेढीवर गेली.

"शेट, तुमच्याशी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "एक विचारायचं होतं. वर्षाला तुमच्या गाड्यांच्या चाकांच्या किती आसा मोडतात?"

नागशेटला प्रश्नाचं नवल वाटलं. "वीसेक. का?"

"आणि उंट किती लंगडे होतात?"

"तीन-चार."

"ते कोणाच्या चाकोऱ्यांमुळं?"

नागशेट हिशेबाचा माणूस. ठकूबाई गेल्यावर त्यानं बसून बेरीज केली. मोडलेल्या आसा, लंगडे उंट, रस्त्यात सांडलेलं मीठ, वाया गेलेले दिवस. रस्ता फुकट मिळत होता, तेव्हा तो त्याला किती महाग पडत होता, हे त्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं.

त्यानं सुतार आणि लोहार बोलावले. पाथरवटाच्या गाडीसारखी वीतभर रुंद चाकं करून घेतली. एका गाडीत साठ पोती भरायचा तो, आता तीस भरू लागला. गाड्या वाढवल्या, म्हणजे आणखी गाडीवानांना काम मिळालं. पठारावर मीठ पोचलं आणि भाव उतरला.

वर्ष सरत आलं, तेव्हा नाक्यावर एक गंमत झाली. नागशेटच्या गाड्या रांगेनं वाफ्यावरून गेल्या. नाकेदारानं बोट लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"शेट, तुमचं काही देणं होत नाही. अर्ध्या बोटाच्या आत आहे."

नागशेटला खरं वाटेना. "नीट मोजा. नंतर कोणी म्हणायला नको, शेटनं फसवलं."

ठकूबाई जवळच होती. "त्यानं बरोबर मोजलंय, शेट. तुम्ही मागं वळून बघा."

नागशेटनं मागं पाहिलं. रस्त्यावर आधी गेलेल्या लहान गाड्यांच्या बारीक खुणा होत्या, त्यांवरून त्याची रुंद चाकं गेली होती, आणि त्या खुणा दाबून सपाट झाल्या होत्या. पुढं चढणारा रस्ताही असाच दिसत होता. वरपर्यंत, पहिल्या वळणापर्यंत.

"तुमचं चाक आता माझ्या टोळीत कामाला आहे," ठकूबाई म्हणाली.

नागशेट इतका हसला की त्याचा उंटही वळून बघू लागला. मग तो खाली उतरला आणि आपल्या शेवटच्या गाडीच्या मागून रस्त्यानं चालत निघाला, स्वतःच्या चाकांनी गुळगुळीत केलेला रस्ता पायांखाली अनुभवत.

बोध असा: जो रस्ता जेवढा झिजवतो, त्यानं तेवढं भरून द्यावं, आणि मोजायचं माप राजापासून कुंभारापर्यंत सगळ्यांना एकच असावं.